एकोणतीसचा पाढा

दसरा गुरुवारी होता, म्हणून आम्ही तो शनिवारी साजरा केला. सिंगापूरच्या मराठी मंडळींची देवांशी तशी बोलणी झालेली आहेत. सुट्टी नसेल तर सण पुढे ढकलायचा आणि देवांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही. खंडेनवमीसुद्धा आम्ही त्याच दिवशी उरकून घेतो. ज्या देशात पिस्तुलाच्या आकाराचा लायटरही आणू देत नाहीत, तिथे शस्त्रपूजेला शस्त्रं आणायची कुठून? त्यामुळे पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाटावर मांडली जातात ती माझी विळी, तुआसच्या शिपयार्डमधलं माझं पिवळं हेल्मेट आणि माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप.

यंदा लॅपटॉप मधोमध होता. त्याला झेंडूचा हार होता, हळदीकुंकू होतं, समोर पेढे होते. विळीला कोपऱ्यात सरकवलं होतं. वर्षभर या घराला जेवायला घालणारी ती विळी, पण तिने कधी अमेरिकेतला खटला लढवला नव्हता ना.

निशिकांत, म्हणजे माझा नवरा, पाया लेबारच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी अमेरिकेतल्या वकिलांची कामं करते. तिकडे वकील कोट घालून कोर्टात उभे राहतात, आणि कुठल्या साक्षीदाराला नेमका कुठे चिमटा काढायचा ते इकडे बसून निशिकांतची टीम शोधून देते. तो स्वतः वकील नाही, कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. पण गेली काही वर्षं मी भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं तरी तो आधी "प्रश्न संदिग्ध आहे" म्हणतो.

या वेळचा खटला एल्मफर्ड नावाच्या गावाचा. गाव लहान, कॉलेज मोठं. गेल्या हिवाळ्यात एक माणूस सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत शिरला, बराच वेळ मजल्यामजल्यांवर फिरला आणि शेवटी पोलिसांनी त्याला पकडलं. नशिबाने कोणी मेलं नाही. त्यानंतर गावाच्या कौन्सिलने ठराव केला, की गावाच्या हद्दीत असल्या रायफली विकायच्या नाहीत आणि बाळगायच्याही नाहीत. ठरावाची शाई वाळायच्या आत गावातला बंदुकांचा दुकानदार कोर्टात गेला. हा आमच्या हक्कावर घाला आहे, निकाल लागेपर्यंत निदान बंदीला स्थगिती द्या, असं त्याचं म्हणणं. निशिकांतची कंपनी त्या दुकानदाराच्या बाजूने होती.

आणि एल्मफर्डच्या त्या कॉलेजात आमची एकुलती एक मुलगी शिकते. गार्गी.

हे मी शेवटी सांगितलं, कारण निशिकांतनेही मला ते शेवटीच सांगितलं होतं. सगळा खटला समजावून झाला, दहीभात झाला, हात धुवून झाला, आणि मग तो म्हणाला, "योगायोग बघ, गार्गीचंच गाव."

"अरे, मग ती बंदी आपल्या पोरीसाठीच आहे ना!" मी म्हणाले.

"बंदी सगळ्यांसाठी आहे. आणि केस तत्त्वाची आहे."

"तत्त्व हॉस्टेलमध्ये राहत नाही. गार्गी राहते."

"मीनल, मी बाजू घेत नाही. बाजू वकील घेतात. मी फक्त कागद लावतो."

कागद लावणाऱ्या या निःपक्षपाती माणसाला त्याच वर्षी डायरेक्टर व्हायचं होतं, हा दुसरा योगायोग. तो त्याने सांगितला नाही. मला त्याच्या नव्या शर्टांवरून कळला.

पुढचे काही महिने आमच्या घरात बंदुकीशिवाय दुसरा विषय नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हाताळलं नाही, आणि तेही कानात बोट घालून, तो येणाऱ्याजाणाऱ्याला टीव्हीचा रिमोट हातात धरून सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय ते शिकवायला लागला. "एकदा दाबलं की एकच गोळी. पुढची आपोआप चढते, पण सुटण्यासाठी पुन्हा दाबावं लागतं. लोकांचा उगाच गैरसमज आहे." आमचे शेजारी चारुदत्त आणि अरुणा हे शिक्षण सर्वांत जास्त वेळा घेतात. त्यांचा सारंग सध्या इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे, त्याच्या हातात खरी रायफल असते. चारुदत्त एकदा म्हणाला, "अरे, सारंगच्या युनिटमध्ये नेमबाजी झाल्यावर एक रिकामं काडतूस सापडेना. अख्खी पलटण गुडघ्यांवर बसून गवत चाळत होती." निशिकांत मान हलवून म्हणाला, "ही इथली मानसिकता." आपण ज्या मानसिकतेत बिनकुलपाची सायकल लावून मार्केटला जातो, ती ही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

माझं काम शिपयार्डमध्ये सेफ्टीचं आहे. वरून एक पाना पडला आणि कोणाला लागला नाही, तरी आमच्याकडे काम थांबतं, चौकशी बसते, पाना कोणाचा, दोरी का नव्हती, खाली माणूस असता तर काय झालं असतं. कोणाला लागलं नाही हे आमच्याकडे उत्तर धरत नाहीत. निशिकांतच्या खटल्यात मात्र तोच मुख्य मुद्दा होता. कोणी मेलं नाही, मग बंदी कशाला?

गार्गीला मी त्या प्रकारानंतर लगेच फोन केला होता. ती म्हणाली, "आई, मी तिथे नव्हतेच. फ्रेंड्सबरोबर बबल टी प्यायला गेले होते. चिल लाह." पोरगी पुंगोलच्या शाळेत शिकलेली, तिच्या मराठीला असली शेपटं असायचीच. मी देवापुढे साखर ठेवली आणि बबल टीवर आजवर केलेली सगळी टीका मागे घेतली.

आता पाढ्यांचं सांगायला हवं. निशिकांतच्या घराण्यात तिसापर्यंतचे पाढे पाठ असणं ही माणूस असण्याची किमान अट आहे. गार्गी लहान असताना आमच्या ब्लॉकखालून सुटणाऱ्या एलआरटी ट्रेनला घाबरायची. ड्रायव्हर नसलेली गाडी कोण चालवतं, असा तिचा प्रश्न होता, आणि तो मला अजूनही रास्त वाटतो. तेव्हा निशिकांतने तिला मांडीवर घेऊन एकोणतीसचा पाढा शिकवला. सगळ्यांत अडनिडा पाढा म्हणून तो निवडला. "भीती वाटली की हा म्हणायचा. दाहेपर्यंत पोचलीस की ज्याची भीती वाटत होती ते निघून गेलेलं असतं." पोरीला ते पटलं. स्टेशन येईपर्यंत ती ओठातल्या ओठात पुटपुटत राहायची.

हा उपाय त्याला कुठून सुचला, ते मी पंचवीस वर्षं शेजारी बसून पाहते आहे. विमान धावपट्टीवर पळायला लागलं की याचे ओठ हलतात. दाताच्या डॉक्टरने खुर्ची मागे केली की हलतात. पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहू देण्याच्या, अर्जाचं उत्तर आलं तेव्हा पाकीट मी फोडलं, कारण साहेब तेव्हा एकोणतीस साते दोनशे तीनवर होते. पण "घाबरलास का?" असं विचारायची सोय नाही. "मी घाबरत नाही. मन एकाग्र करतो," असं तो सांगतो, आणि त्याचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. सगळं रामायण पुढे यातूनच झालं.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात तो जेवताना भलताच खुशीत होता. गावाच्या बाजूने जे साक्षीदार येणार होते, त्यांची नावं कोर्टाने झाकून ठेवली होती, कारण बंदुकवाले त्यांना धमक्या देत होते. सगळ्यांना नुसते क्रमांक. टीममधला अभय प्रत्येक जबाबाचा चार ओळींत सारांश करायचा आणि निशिकांत त्या चार ओळींतून चिमटा शोधायचा. मूळ जबाब वाचत बसणं हे डायरेक्टर होणाऱ्या माणसाचं काम नव्हे.

"साक्षीदार क्रमांक नऊ," तो पोळीचा तुकडा हवेत धरून म्हणाला. "विद्यार्थिनी. लायब्ररीत कपाटात लपली होती. म्हणते, जीव जाणार असं वाटलं. आणि त्याच जबाबात म्हणते, कपाटात बसून मनातल्या मनात गणितं करत होते! सापडली की नाही?"

"बिचारी," मी म्हणाले.

"बिचारी कसली? जिवाच्या भीतीने अर्धमेला झालेला माणूस गणितं करत नाही. मी हेच वाक्य लिहून पाठवलं. आणि पोरगी आशियातली आहे, जिथे लोकांनी बंदूक पाहिलेलीच नसते. म्हणजे भीतीसुद्धा तिने घरून बांधून आणलेली."

"तूही आशियातलाच आहेस," मी म्हणाले, आणि त्याला आमटी वाढली. त्या दिवशी आमटी तिखट झाली होती, आणि मला त्याचा आनंद झाला.

तर शनिवारी पाटावर लॅपटॉप होता तो या सगळ्या पराक्रमाचा. सुनावणी तिकडे शुक्रवारी झाली. सकाळी आमच्याकडे बातमी आली, की बंदीला स्थगिती मिळाली. एल्मफर्डचा दुकानदार सोमवारपासून पुन्हा दुकान मांडणार. तिकडच्या वकिलाने निशिकांतला लिहिलं होतं, की तुमचं ते वाक्य जसंच्या तसं वापरलं, न्यायाधीशांनी लिहून घेतलं. निशिकांतने ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी श्रीखंड फेटत होते. मी म्हटलं, "अभिनंदन. आता गार्गीला हेल्मेट पाठवू या का, माझ्याकडे एक जास्तीचं आहे." तो म्हणाला, "सणाच्या दिवशी तरी टोमणे नकोत."

खरं तर मला टोमणा मारायचाच नव्हता. मला रडायला येत होतं. पण पुऱ्या व्हायच्या होत्या.

अकराच्या सुमाराला चारुदत्त आणि अरुणा आले. एकमेकांना सोनं देऊन झालं. आमचं सोनं म्हणजे ब्लॉकखालच्या कांचनाच्या झाडाची जमिनीवर पडलेली पानं, कारण झाडावरचं तोडलं तर दंड होईल. अशी सुकलेली, कायदेशीर पानं आम्ही एकमेकांच्या हातात ठेवतो आणि सोन्यासारखे राहा म्हणतो. मग निशिकांतने हार न काढताच लॅपटॉप उघडला आणि टीव्हीला जोडला. त्या राज्यातल्या कोर्टाचं कामकाज इंटरनेटवर दाखवतात. "क्रमांक नऊची उलटतपासणी बघा फक्त," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

टीव्हीवर न्यायाधीश दिसत होते, वकील दिसत होता. साक्षीदाराला मुद्दाम दाखवत नव्हते, नुसता आवाज. वकील उंच, देखणा, गोड बोलणारा. दात काढायच्या आधी डॉक्टर बोलतो तसा.

"त्या कपाटात असताना तुम्हाला फोन करता आला असता?" त्याने विचारलं.

"नो लाह," आवाज म्हणाला. मग घसा साफ करून, "सॉरी. नाही. उजेड दिसला असता."

अरुणाच्या हातातली वाटी तिथेच थांबली. मी काही थांबले नाही, मी उठून उभी राहिले. तो आवाज मी तिच्या जन्माच्या पहिल्या मिनिटाला ऐकला होता. निशिकांत मात्र हसत टीव्हीकडे बोट दाखवत होता. "आता बघा, आता येतंय."

"मग तुम्ही कपाटात काय करत होतात?"

"पाढा म्हणत होते."

"पाढा! कितीचा?"

"एकोणतीसचा."

कोर्टात कोणीतरी हसलं. निशिकांतचं बोट वरच राहिलं.

"जिवाच्या भीतीने अर्धमेला झालेला माणूस गणितं करत नाही," वकील म्हणाला, एकेक शब्द तोलत. वाक्य फारच सुंदर बसलं होतं. "तुम्ही शांत होतात. नाही का?"

मग गार्गी म्हणाली, "माझ्या वडिलांनी शिकवलाय. ते म्हणतात, दाहेपर्यंत पोचलं की ज्याची भीती वाटते ते निघून जातं. मी दाहेपर्यंत पोचले. तो माणूस अजून कपाटाबाहेरच उभा होता. मला त्याचे बूट दिसत होते. म्हणून मी परत पहिल्यापासून सुरुवात केली."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

वकिलाने आभार मानले. न्यायाधीश काहीतरी लिहीत होते. चारुदत्तने उठून टीव्ही बंद केला. त्यासाठी त्याला निशिकांतच्या हातातून रिमोट सोडवून घ्यावा लागला, तोच रिमोट, ज्यावर आम्ही सगळे एकदा दाबलं की एकच गोळी शिकलो होतो.

"बबल टी," मी म्हणाले. सगळं वर्ष पोरीने हे एकटीने पोटात ठेवलं, आम्हाला काळजी नको म्हणून. आणि ज्या एका ठिकाणी तिने तोंड उघडलं, तिथे तिच्या बापाने तिला खोटं पाडलं. मला त्याला खूप बोलायचं होतं. इतक्या वर्षांचे माझे टोमणे, एकाहून एक धारदार, पण त्यातला एकही या कामाला पुरला नसता.

अरुणा माझा हात धरून बसली होती. श्रीखंड कोणी खाल्लं नाही. थोड्या वेळाने ती दोघं निघाली, आणि त्यांनी चपला घालेपर्यंत निशिकांतचा फोन वाजला. स्क्रीनवर गार्गीचा हसरा फोटो. तिकडे मध्यरात्र होत आली असणार. त्याने फोन उचलला नाही, म्हणून मी उचलला, स्पीकरवर टाकला आणि पाटावर, त्या हार घातलेल्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

"हॅपी दसरा!" ती म्हणाली. "आई, बाबा आहे का? बाबा, मला एक सांगायचंय, पण आधी प्रॉमिस, आई ओरडणार नाही."

"नाही ओरडणार," मी म्हणाले. माझा आवाज इतका मऊ होता की तिला संशय यायला हवा होता.

मग तिने सगळं सांगितलं. लायब्ररी, कपाट, कोर्ट. भराभर सांगितलं, इंग्रजीत, मराठीत, मधेच हसून. स्थगिती मिळाल्याचंही सांगितलं. "मी वीक पडले ना, म्हणून," ती म्हणाली. "दुकान मंडेला उघडतंय. माझ्या बसस्टॉपच्या समोरच आहे ते." मग ती थांबली. "बाबा, पण त्या वकिलाला ते कोणी सांगितलं असेल? की घाबरलेला माणूस पाढे म्हणत नाही? मला एवढं म्हणायचं होतं, की तुम्ही माझ्या बाबाला विमानात बघा. पण मग वाटलं, तुला एम्बॅरसिंग होईल. असलं कोण लिहून देतं रे, बाबा? त्याला कधी भीती वाटलीच नसेल का?"

निशिकांतने माझ्याकडे पाहिलं. मी काही सांभाळून घेतलं नाही. घ्यायचं मनात आलं होतं, खोटं का बोलू. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याचं तोंड वाचवायची सवय लागते. पण मी हात मागे बांधून उभी राहिले.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"ते वाक्य मी लिहिलं, गार्गी. क्रमांक नऊ तू आहेस हे मला माहीत नव्हतं. पण लिहिलं मीच."

फोन चालू होता, तिच्या खोलीतल्या हीटरची घरघर ऐकू येत होती. निशिकांत पाटासमोर मांडी घालून बसला होता, पेढे जसेच्या तसे, विळी कोपऱ्यात. त्याचे ओठ हलायला लागले. मी ते इतक्या वेळा पाहिले आहेत की मला आवाज लागत नाही. एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. तो सावकाश म्हणत होता, एकही घर न चुकवता. दाहे दोनशे नव्वद झाले.

गार्गी अजून बोलली नव्हती. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली.